प्रादेशिक पुरातत्त्व परिषदेतील सहभाग आणि निबंधवाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात आणि गोव्यात जिल्हा, विभाग किंवा विद्यापीठ पातळीवर भरणाऱ्या पुरातत्त्वविषयक परिषदांना मी गेली अनेक वर्षे कधी श्रोता, कधी निबंधवाचक आणि कधी सत्राध्यक्ष म्हणून जात आले आहे. पहिल्यांदा येणारे विद्यार्थी, शिक्षक, दुर्गभटके आणि गावोगावचे अभ्यासक मला जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. शुल्क, मुदत आणि शब्दमर्यादा परिषदेगणिक बदलतात. त्यांसाठी त्या त्या वर्षीचे परिपत्रक प्रमाण मानावे.

राष्ट्रीय अधिवेशन असताना वेगळ्या प्रादेशिक परिषदेची गरज काय?

राष्ट्रीय अधिवेशनात काश्मीरपासून तमिळनाडूपर्यंतचे निबंध एकामागून एक वाचले जातात आणि तेथे आपला निबंध पद्धतीच्या किंवा सिद्धान्ताच्या अंगाने तपासला जातो. प्रादेशिक परिषदेत तो जमिनीच्या अंगाने तपासला जातो. ‘प्रवरेच्या काठी एक टेकाड आहे’ एवढेच म्हणून तेथे भागत नाही. नदीच्या कोणत्या वळणावर, गावठाणाच्या कोणत्या अंगाला, पूर्वी तेथे काय होते, असे प्रश्न लगेच येतात, कारण समोर बसलेल्यांपैकी दोघे-तिघे त्या वाटेने गेलेले असतात.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. आपल्याकडे गावाची जमीन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी ओळखण्याची जुनी रीत आहे. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून जी पांढरट, भुसभुशीत टेकाडे तयार झाली, त्यांतच महाराष्ट्राचा ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील) आणि सातवाहनकालीन इतिहास दडलेला आहे. जोर्वे, नेवासे, इनामगाव ही नावे अशाच टेकाडांमुळे अभ्यासकांना ठाऊक झाली. हीच पांढरी माती धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी आणि शेतात खत म्हणून नेली जाते. पूर्वी ती बैलगाडीने जात असे, आता यंत्राने एका आठवड्यात टेकाड सपाट होते. अशा टेकाडाची नोंद होण्याची शक्यता दिल्लीतील अधिवेशनापेक्षा शेजारच्या तालुक्यातून आलेल्या माणसाच्या निबंधात कितीतरी अधिक असते.

माझ्याकडे पुरातत्त्वाची पदवी नाही. मला निबंध वाचता येईल का?

बहुतेक प्रादेशिक परिषदांत येतो. निवड समिती निबंधकाराच्या पदवीपेक्षा गोषवाऱ्यातील मजकूर पाहते. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवरील, म्हणजे उघड्या कातळपठारांवरील, कातळशिल्पांचे (खडकात कोरलेल्या आकृत्यांचे) उदाहरण यासाठी पुरेसे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शेकडो आकृत्यांचा शोध आणि नोंद घेण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना आणि वयस्कर ग्रामस्थांना विचारून केले. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही नावे त्यांतूनच अभ्यासात आली, आणि २०२२ मध्ये कोकणातील या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला.

पदवी नसल्याने एक जबाबदारी मात्र वाढते. आपण पाहिले काय आणि त्यावरून आपल्याला वाटले काय, या दोन गोष्टी लिहिताना कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्या लागतात. पदवीधरांनीही हे करायला हवे, पण त्यांना निदान त्याचे शिक्षण मिळालेले असते.

कोणता विषय निवडावा?

लहान निवडावा. ‘महाराष्ट्रातील वीरगळ : एक अभ्यास’ हा विषय (वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) पंधरा मिनिटांत कोणालाही मांडता येणार नाही. ‘अमुक तालुक्यातील अकरा गावांतील वीरगळांची नोंद’ हा विषय मांडता येतो आणि पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतो. एखादे गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड), एखाद्या लेण्याजवळची आजवर न नोंदलेली पाण्याची टाकी, विहिरीच्या भिंतीत उलटा बसवलेला शिलालेख, नांगरटीत वर आलेल्या खापरांचा पसारा, जुन्या घाटवाटेवरील जकातीचा दगड, यांपैकी प्रत्येक गोष्ट निबंधाचा विषय होऊ शकते.

त्याआधी त्या जागेविषयी पूर्वी काय छापले गेले आहे ते पाहणे अनिवार्य आहे. जिल्हा गॅझेटियर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा १९५३-५४ पासूनचा ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ हा वार्षिक वृत्तान्त, शिलालेख असेल तर ‘एपिग्राफिया इंडिका’, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील जुने प्रबंध, इतके तरी चाळावे. ‘नव्याने सापडलेला’ म्हणून मांडलेला लेख सत्तर वर्षांपूर्वी वाचला गेला होता, असे सभागृहात कोणी उठून सांगते तेव्हा निबंधकाराची मेहनत एका क्षणात बाजूला पडते, आणि ते पाहणे मला नेहमी क्लेशदायक वाटते, कारण त्या मेहनतीतील बराचसा भाग खरा असतो.

गोषवारा कसा लिहावा?

गोषवारा साधारण अडीचशे ते तीनशे शब्दांचा मागितला जातो आणि बहुतेक निबंध तेथेच मान्य किंवा अमान्य होतात. समितीला त्यातून चार गोष्टी कळायला हव्यात : जागा कोणती, तेथे काय पाहिले, ते कसे नोंदले आणि त्यावरून कोणते मर्यादित विधान करता येते. पुष्कळ गोषवारे ‘महाराष्ट्राला प्राचीन व समृद्ध वारसा लाभला आहे’ या वाक्याने सुरू होतात आणि निम्मी शब्दसंख्या संपेपर्यंत गावाचे नावही येत नाही. असे गोषवारे वाचताना आतला मजकूर चांगला असूनही नजरेतून सुटतो.

मला आठवतो तो एक गोषवारा असा सुरू झाला होता : नदीच्या डाव्या तीरावर, पात्रापासून सुमारे साठ पावलांवर, शेताच्या बांधाच्या कापात जमिनीखाली दोन हातांवर राखेचा एक थर दिसतो, आणि त्या थरातून तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने रेघा काढलेली खापरे बाहेर आलेली आहेत. लिहिणाऱ्याला ‘जोर्वे भांडी’ (जोर्वे येथील शोधावरून नाव पडलेली ताम्रपाषाणयुगीन भांडी) हा शब्दही वापरावा लागला नाही. तोटीचे भांडे, कंगोरा असलेला वाडगा आणि काळ्या रेघा यांचे वर्णन वाचताच समितीतील प्रत्येकाला कळले की हे इसवी सनपूर्व सुमारे १४०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष असण्याची दाट शक्यता आहे.

छायाचित्रे आणि रेखाटने यांबाबत काय पाहिले जाते?

मोजपट्टी. ती नसलेले छायाचित्र अभ्यासाच्या दृष्टीने अपुरे आहे, मग ते कितीही सुंदर असो. पेन, चप्पल, मोबाइल किंवा शेजारी उभा केलेला मुलगा हे मोजपट्टीला पर्याय नाहीत. खापरासाठी दहा सेंटिमीटरची आणि वास्तू किंवा कातळशिल्प यांच्यासाठी एक मीटरची काळी-पांढरी पट्टी सोबत ठेवावी. नकाशावर आणि आराखड्यावर उत्तर दिशा दाखवावी.

प्रकाश तिरपा हवा. वीरगळावरील झिजलेली शिल्पे आणि सड्यावरील उथळ रेषा भर दुपारी जवळजवळ अदृश्य होतात. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात त्याच रेषांच्या कडांना सावली धरते. एका वीरगळाच्या खालच्या चौकटीत मला तीन वेळा दोनच योद्धे दिसले होते. चौथ्या खेपेला, सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी, त्यांच्या पायांशी आडवा पडलेला तिसरा दिसला आणि त्याच्या पलीकडे गायीची शिंगे दिसली. गोधन सोडवताना पडलेल्या वीराचा तो दगड होता, हे त्या शिंगांमुळे ठरले. आधीच्या तीन भेटींवरून मी लिहिले असते तर ते चुकीचे ठरले असते.

रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून कातळशिल्पांत खडू, चुना किंवा पीठ भरू नये आणि शिलालेखावर तेल किंवा रंग फासू नये. त्याने दगडाचा पृष्ठभाग बिघडतो, आणि भरणारा ज्याला रेषा समजतो तीच पुढे सर्वांच्या छायाचित्रांत येत राहते. शिलालेखाचा कागदी ठसा घ्यायचा असेल तर तो ज्यांना येतो त्यांच्याकडून समोर बसून शिकून घ्यावा, आणि संरक्षित स्मारकात लेखी परवानगीवाचून घेऊ नये.

खापरांचे रेखाटन करताना काठ आणि बूड यांना प्राधान्य द्यावे, कारण भांड्याचा आकार त्यांवरून ठरतो. निम्म्या भागात छेद आणि निम्म्या भागात बाह्यरूप दाखवण्याची पद्धत जुनी असली तरी आजही तीच सर्वांत उपयोगी आहे.

सापडलेल्या वस्तू परिषदेत दाखवण्यासाठी आणाव्यात का?

आणू नयेत. हे उत्तर अनेकांना कठोर वाटते, म्हणून कारणे सविस्तर देत आहे.

पहिले कारण कायद्याचे आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे व तत्सम वस्तू, तसेच पंच्याहत्तर वर्षांहून जुनी व मोलाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात, आणि त्यांच्या नोंदणीचे, विक्रीचे व निर्यातीचे नियम आहेत. उत्खननाला परवाना लागतो. ‘फक्त दोन फूट खणून पाहिले’ हेही उत्खननच आहे.

दुसरे कारण अभ्यासाचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. वस्तू जागेवरून हलली की तिच्याबद्दल कळू शकणारे निम्मे ज्ञान जागेवरच नाहीसे होते. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये गावकऱ्यांपैकी एकाला खणताना कांस्य वस्तू सापडल्या : बैल जोडलेला रथ व त्यावर उभा पुरुष, गेंडा, हत्ती आणि रेडा. भारतीय कांस्यकलेतील त्या अत्यंत मोलाच्या वस्तू आहेत. परंतु त्या शास्त्रीय उत्खननात, निश्चित थरातून मिळाल्या नाहीत, आणि म्हणूनच पुढे तेथे पुरातत्त्व सर्वेक्षणाने अनेक हंगाम उत्खनन करूनही त्या वस्तूंच्या काळाविषयीचा वाद संपलेला नाही. शोधणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. आज आपल्याला हे माहीत असताना आपण तेच केले, तर दोष आपला असेल.

काही आढळल्यास हात न लावता छायाचित्र घ्यावे, जागेचे वर्णन लिहावे आणि तलाठी, तहसीलदार किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवावे. त्या पत्राची पोच जपून ठेवावी. निबंधात तिचा उल्लेख करणे उत्तम.

निबंधात नेमके ठिकाण सांगावे का?

संरक्षित किंवा सर्वज्ञात स्थळ असेल तर अवश्य सांगावे. उघड्यावर पडलेली मूर्ती, एकाकी वीरगळ, नाणी मिळत असलेले टेकाड असे असेल तर सभागृहात गाव किंवा तालुका एवढेच सांगावे आणि अक्षांश-रेखांशासह पूर्ण नोंद पुरातत्त्व खात्याकडे व संपादकांकडे द्यावी. अनेक वर्षांपूर्वी मी एका मूर्तीचे ठिकाण वाटेतल्या ओढ्यासह पडद्यावर दाखवले होते. पुढच्या पावसाळ्यानंतर मी तेथे गेले तेव्हा जोत्यावर मूर्तीच्या पायाचा चौकोनी खड्डा तेवढा राहिला होता. माझ्या निबंधामुळेच ती गेली असे सिद्ध करता येत नाही, परंतु तेव्हापासून मी असा नकाशा दाखवलेला नाही.

काळ किती ठामपणे सांगावा?

पुरावा जेवढा भार पेलेल तेवढ्याच ठामपणे. केवळ शैलीवरून ‘यादवकालीन’ म्हणत असाल तर ‘शैलीवरून’ हा शब्द सोडू नये. शिलालेखात शकवर्ष असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढतात. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, आणि वर्ष गत आहे की वर्तमान, म्हणजे संपलेले वर्ष मोजले आहे की चालू, हेही पाहावे लागते. तिथी आणि वार दोन्ही दिले असतील तर पडताळणी करता येते, म्हणून तो मजकूर निबंधात जसाच्या तसा द्यावा.

किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने काढलेली तारीख देताना प्रयोगशाळेचा क्रमांक, त्रुटीची मर्यादा आणि ती अंशशोधित (प्रत्यक्ष कालगणनेशी जुळवून दुरुस्त केलेली) आहे की नाही, हे लिहावे. या पद्धतीत ‘आजपूर्व’ म्हणजे १९५० पूर्व, हे विसरल्याने होणारी चूक मी प्रकाशित लेखांतही पाहिली आहे.

तज्ज्ञांनाही काळाबाबत मतभेद असतात, यात कमीपणा नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे दगडी हत्यारांच्या जवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. त्या राखेचे वय दहा लाख वर्षांहून अधिक असल्यापासून ते सुमारे पंच्याहत्तर हजार वर्षे, म्हणजे सुमात्रातील टोबाच्या उद्रेकाइतके असल्यापर्यंत वेगवेगळी मते मांडली गेली. इतका मोठा फरक असूनही चर्चा पुढे जाऊ शकली, कारण प्रत्येकाने आपला नमुना कोठला आणि पद्धत कोणती हे सांगितले होते.

मराठीत निबंध वाचला तर चालतो का?

प्रादेशिक परिषदांत बहुधा चालतो. परिपत्रकात माध्यमभाषा दिलेली असते. मी मराठीचा आग्रह धरते, कारण ज्या गावात ती जागा आहे तेथील माणसे सभागृहात असतात आणि त्यांना त्यांच्याच गावाविषयी काय म्हटले जात आहे ते कळले पाहिजे. परिभाषेची अडचण वाटते तितकी मोठी नाही. थर, छेद, खापर, जोते, टाके, सडा, पांढर हे शब्द आपल्याकडे आधीच आहेत आणि ते अचूक आहेत. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. जुन्या टंकांतील मजकूर आयोजकांच्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. खबरदारी म्हणून पीडीएफ प्रतही जवळ असावी.

पंधरा मिनिटांत सर्व कसे मांडायचे?

सर्व मांडायचे नाही. बहुतेक सत्रांत पंधरा मिनिटे वाचनाला आणि पाच मिनिटे चर्चेला मिळतात. पंधरा मिनिटांत शांतपणे वाचून साधारण पंधराशे शब्द होतात. पहिल्या मिनिटात जागेचा नकाशा दाखवावा, गावाचा पौराणिक इतिहास आणि आभारप्रदर्शन यांवर वेळ घालवू नये, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवू नये. सत्राध्यक्षांची घंटा वाजली की चालू वाक्य पूर्ण करून थांबावे. पुढच्या निबंधकाराची मिनिटे आपली नसतात. घरी एकदा घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिले तर यातील बहुतेक अडचणी आदल्या दिवशीच सुटतात.

कोणी कठोर प्रश्न विचारला तर?

प्रश्न पूर्ण ऐकावा आणि लिहून घ्यावा. उत्तर माहीत असल्यास द्यावे. नसल्यास ‘हे मी पाहिलेले नाही, पुन्हा जाऊन पाहीन’ असे सांगावे. या उत्तराने कोणाचीही प्रतिष्ठा गेलेली मी पाहिलेली नाही. जातीचा, देवस्थानाचा किंवा गावाच्या नावाचा अभिमान गुंतलेला असेल तर चर्चा तापते. अशा वेळी पुन्हा वस्तूकडे यावे, म्हणजे दगडावर प्रत्यक्ष काय कोरलेले आहे तेथे. सत्र संपल्यावर चहाच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःहून भेटावे. माझ्या दोन निबंधांतील चुका अशाच गप्पांत दुरुस्त झाल्या.

केवळ श्रोता म्हणून येण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि पहिल्या वर्षी मी तेच सुचवेन. नोंदणी करून तिन्ही-चारही सत्रे बसून ऐकावीत. स्वतःचा निबंध झाल्यावर निघून जाणारे पुष्कळ असतात आणि शेवटचे सत्र अनेकदा रिकाम्या खुर्च्यांसमोर होते. बहुधा त्याच सत्रात विद्यार्थ्यांचे निबंध ठेवलेले असतात.

स्थळभेटीला जाताना काय लक्षात ठेवावे?

स्थळभेट सहसा शेवटच्या दिवशी असते आणि माझ्या मते ती चुकवू नये. विदर्भातील माहुरझरीसारख्या ठिकाणी शिळावर्तुळाच्या (मोठ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाकार मांडणीच्या) कडेने स्वतः चालल्यावर त्याच्या व्यासाची जी जाणीव होते, ती आराखड्यावरून होत नाही. टोपी, पाणी, वही आणि पायात बूट असावेत. खापर उचलून पाहिले तर ते त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावे. उभ्या पिकातून जाऊ नये आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये. पुढच्या वर्षी तेथे कोणी अभ्यासक गेला तर त्याला आत येऊ देतील की नाही, हे आपल्या वागण्यावर ठरते.

शुल्क, निवास आणि प्रमाणपत्र?

विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते. निवासाची सोय मर्यादित असल्याने लवकर कळवावे. प्रमाणपत्र शेवटच्या सत्रानंतर मिळते.

वाचलेला निबंध छापून येतो का, आणि त्यात कोणाची नावे द्यावीत?

प्रत्येक वाचलेला निबंध छापला जात नाही. संपादक तो तज्ज्ञांकडे पाठवतात, सुधारणा सुचवतात आणि मुदत देतात. ही मुदत पाळावी, कारण न छापलेला निबंध पाच वर्षांनी कोणाच्याही हाती लागत नाही, आणि तोवर जागाही तशी राहिलेली नसते. चर्चेत मिळालेली दुरुस्ती मूळ मजकुरात करून ज्याने ती सुचवली त्याचा उल्लेख करावा.

ज्या गुराख्याने सडा दाखवला, ज्या आजींनी दगडाला गावात काय म्हणतात ते सांगितले, ज्या शिक्षकांनी ठसा घेताना कागद धरला, त्यांची नावे त्यांना विचारून आभारांत द्यावीत. गावातले नाव, उदाहरणार्थ ‘पांडवांचा पट’ किंवा ‘राकसाचा फणा’, इतिहासदृष्ट्या चुकीचे असले तरी नोंदवून ठेवावे, कारण पुढचा अभ्यासक गावात जाऊन तेच नाव विचारणार असतो. अंक प्रसिद्ध झाला की लेखाची एक प्रत त्या गावच्या शाळेत स्वतः नेऊन द्यावी. टपालाने पाठवलेली बहुधा ग्रामपंचायतीच्या कपाटात राहते.